नाकारायचे तर कारण लिहा

प्रति,
मा. डॉ. अमोल कोल्हे, खासदार, शिरूर
मा. सुप्रिया सुळे, खासदार, बारामती



शिरूर आणि दौंड हे भीमाकाठचे शेजारी तालुके. लोकसभेच्या नकाशात मात्र एक तुमच्यापैकी एकाच्या वाट्याला आला आणि दुसरा दुसऱ्याच्या. म्हणून हे एकच पत्र दोघांच्या नावे. या तालुक्यांतून फौजेत जाणे नवे नाही. एका हाताला पुण्याचे दक्षिण कमांडचे मुख्यालय आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्स, दुसऱ्या हाताला अहिल्यानगरचे रणगाडा दलाचे आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र; मधल्या पट्ट्यातल्या पोरांना भरतीची वाट पाठ असते. परतीची वाट सगळ्यांसाठी सारखी नसते. धडधाकट म्हणून घेतलेला माणूस वैद्यकीय कारणाने मुदतीआधी घरी पाठवला जातो किंवा मुदत पुरी करून पण शरीराचे काही गमावून परततो, तेव्हा त्याला विकलांगता पेन्शन द्यायची की नाही हे कोण ठरवते, आणि शंका उरली तर ती कोणाच्या खात्यावर टाकायची, एवढाच या पत्राचा विषय आहे. माझे म्हणणे असे की ज्याच्या ताब्यात सगळे कागद आहेत, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. गोळी लागलेल्या किंवा सुरुंगात पाय गेलेल्या जवानाच्या हक्काबद्दल फारसा वाद होत नाही, आणि पुण्याने तर अशा माणसांसाठी शंभर वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली, कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पुण्यात आहे, आणि पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून खडकीत. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, ते असो. अशी जखम डोळ्यांना दिसते. न्यायालयांपर्यंत जाणारे वाद बहुतेक न दिसणाऱ्या विकलांगतेचे असतात: फिट येणे, मनाचा आजार, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, कमी झालेले ऐकू येणे, कंबरेचा मणका, सुट्टीवर झालेला अपघात. यांच्याबाबत नियमाच्या दोन अटी आहेत. विकलांगता किमान २० टक्के हवी, आणि ती लष्करी सेवेमुळे उद्भवलेली किंवा सेवेमुळे बळावलेली हवी. पहिली अट मोजमापाची आहे, तिच्यात थोडेफार इकडेतिकडे होईल, पण मोजता तरी येते. माणसे अडकतात ती दुसरीत.

ती कशी ठरते ते जवळून पाहू. सेवेतून बाहेर पडताना सैनिकाचे मेडिकल बोर्ड होते आणि त्याचा निष्कर्ष एएफएमएसएफ-१६ या छापील फॉर्मवर उतरतो. आजार कधी आणि कुठे सुरू झाला, भरतीच्या आधीपासून होता का, सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, सेवेशी काहीच संबंध नाही का, अशा प्रश्नांपुढे 'होय' किंवा 'नाही' लिहायचे असते. शेजारी कारणांची जागा असते. त्या जागेत अनेकदा एवढेच भरलेले सापडते की आजार शांतता क्षेत्रात नेमणूक असताना सुरू झाला, किंवा तो प्रकृतिजन्य आहे. मग शेवटच्या रकान्यात गंमत होते. विकलांगता, समजा, ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि त्याच ओळीत पेन्शनला पात्र ठरणारी निव्वळ टक्केवारी: निल. माणूस ३० टक्के विकलांग आहे हे लष्कराचे डॉक्टर मान्य करतात, म्हणून तर त्याचा वैद्यकीय दर्जा खाली आणतात. पण हे त्याला झाले कसे, यावर त्यांचे म्हणणे इतकेच की आमच्यामुळे नाही.

डॉक्टर कोल्हे, तुम्ही एमबीबीएस झालेले आहात, म्हणून हा मुद्दा तुमच्यापुढे विशेष आग्रहाने ठेवतो. अपस्माराच्या कितीतरी रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. रक्तदाबाचेही बहुतांशी तसेच. कारण सापडले नाही, असे डॉक्टरने लिहिले तर त्यात खोटे काही नाही. पण 'कारण सापडले नाही' यावरून 'सेवा हे कारण नाही' असा निष्कर्ष निघत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल. पहिल्या वाक्यात डॉक्टर आपले अज्ञान सांगतो; दुसऱ्यात तो ठाम ज्ञानाचा दावा करतो. मेडिकल बोर्डाचा फॉर्म पहिले वाक्य घेतो आणि दुसऱ्याचा परिणाम देतो. या उडीची किंमत सैनिक मोजतो.

हे कायद्याने मान्य आहे का? नाही. १९८२ च्या पात्रता नियमांत स्पष्ट होते की दावेदाराला पात्रता सिद्ध करायला सांगायचे नाही, आणि रास्त शंकेचा फायदा त्याला द्यायचा. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही आणि ज्याच्यामुळे माणसाला घरी पाठवावे लागते, तो सेवेत उद्भवला असे धरायचे. तो भरतीपूर्वीच्या तपासणीत सापडणे शक्यच नव्हते असे बोर्डाचे मत असेल, तर तसे कारणांसह लिहायचे. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात याच नियमांचा अर्थ लावला. १९८५ मध्ये भरती झालेला, सिग्नल्समधला हा जवान १ एप्रिल १९९४ पासून २० टक्के विकलांगतेसह घरी पाठवला गेला. आजार फिट येण्याचा. बोर्डाने सेवेशी संबंध नाही म्हटले आणि कारण दिले नाही. न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी तो तंदुरुस्त होता असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा गृहीत त्याच्या बाजूने, आणि ते खोडायचे असेल तर पुरावा तुम्ही द्या. निकाल उत्तम आहे. फक्त नोकरी गेल्यानंतर तो यायला १९ वर्षे लागली.

त्यानंतर वाद संपायला हवा होता. झाले उलटे. नियम तर त्या निकालाच्या आधीपासूनच हळूहळू सैनिकापासून दूर सरकत होते. २००८ च्या नियमांत 'सर्वसाधारणपणे' दावेदाराला सिद्ध करावे लागणार नाही, असा शब्द आला. निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला तर पुराव्याचा भार त्याच्यावर टाकला. आणि आजार सेवेत असताना दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे होत नाही, हेही लिहिले गेले. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनी घरी पाठवलेले आणि आजार घेऊन मुदत पुरी करणारे यांची फोड केली, आणि दुसऱ्या गटाला मिळणाऱ्या रकमेला विकलांगता घटक न म्हणता 'इम्पेअरमेंट रिलीफ' असे नवे नाव दिले. यातले काहीही संसदेत चर्चा होऊन ठरलेले नाही. हे सारे संरक्षण मंत्रालयाचे आदेश. ज्याने पैसे द्यायचे त्यानेच पात्रतेचे नियम लिहायचे, त्याच्याच डॉक्टरांनी तपासायचे आणि पहिले अपीलही त्याच्याच समितीने ऐकायचे, असा हा कारभार आहे. तुमच्या दोघांच्या नावे पत्र लिहिण्याचे खरे कारण हे.

आता कागदांकडे वळतो, कारण सिद्ध करणे म्हणजे शेवटी कागद दाखवणे. न्हावऱ्याचा किंवा पाटसचा माजी सैनिक घरी आणतो ते डिस्चार्ज बुक आणि पेन्शन असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश. तो कोणत्या चौकीवर किती महिने होता, किती उंचीवर, पहिला झटका आला त्या आठवड्यात तो काय ड्यूटी करत होता, युनिटच्या डॉक्टरने काय लिहिले, हे सगळे त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातले सागर, तोफखान्याचा नाशिक रोड, सिग्नल्सचा जबलपूर, ईएमईचा सिकंदराबाद. सॅपर्सवाल्याला खडकी जवळ पडते, हा त्याच्या नशिबाचा भाग. पेन्शन न मिळालेल्यांचे सेवा-कागद तर २५ वर्षांनी नष्ट केले जातात आणि पुढे न्यायाधिकरणासमोर सरकारचे उत्तर येते की कागद उपलब्ध नाहीत. म्हणजे पेन्शन नाकारली म्हणून कागद गेले, आणि कागद गेले म्हणून पेन्शन नाकारली. १५ वर्षांनी पुराव्याचा भार सैनिकावर टाकणारा नियम या पार्श्वभूमीवर वाचा.

सुट्टीतल्या अपघातांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्यात सरकारची बाजू पूर्ण चुकीची नाही. जम्मूहून निघालेली झेलम एक्स्प्रेस मनमाड, अहिल्यानगर, दौंड करत पुण्याला येते. तिच्यातून उतरून गावाकडे निघालेला जवान नियमांच्या दृष्टीने अजून ड्यूटीवर असू शकतो, कारण ड्यूटीच्या ठिकाणाहून सुट्टीच्या ठिकाणापर्यंतचा अधिकृत प्रवास सेवेत धरला जातो. घरी पोहोचल्यावर मोटारसायकलवरून बाजारला जाताना पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभजवळ ट्रकने उडवले, तर सर्वोच्च न्यायालयही म्हणते की सेवेशी काहीतरी कार्यकारण संबंध दाखवावा लागेल. ते मला मान्य आहे. सुट्टीतला प्रत्येक अपघात सरकारच्या माथी मारा असे मी म्हणत नाही. पण पहिल्या प्रकारात, प्रवासातल्या अपघातात, दावा अडतो तो इजा अहवाल वेळेत भरला गेला नाही म्हणून. तो फॉर्म युनिटने भरायचा असतो, चौकशी युनिटने करायची असते. ससून रुग्णालयात बेशुद्ध पडलेल्या माणसाने राजौरीतल्या कमांडिंग ऑफिसरकडून अहवाल भरून घ्यावा, ही अपेक्षा कोणत्या शहाण्याची?

पहिले अपील आणि दुसरे अपील फेटाळल्यावर मुंबईचे सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ही न्यायाधिकरणे झाली ती सैनिकाला दिवाणी न्यायालयांच्या फेऱ्या नकोत म्हणून, आणि अनेकांना तिथे न्याय मिळालाही. पण सैनिक जिंकल्यावर सरकार वरच्या न्यायालयात जाते. ही सवय मोडायचा एक प्रामाणिक प्रयत्न आपल्या शेजारच्या माणसाने केला होता. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यात कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समितीने सांगितले की विकलांगता पेन्शनच्या निकाली निघालेल्या मुद्द्यांवरची सरकारी अपिले मागे घ्या. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाला न्यायाधिकरणांच्या अशाच आदेशांविरुद्धच्या सरकारच्या शेकडो याचिका फेटाळाव्या लागल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सियाचेनवर राहून आलेल्या आणि फिट येतात म्हणून १९८९ मध्ये घरी पाठवलेल्या एका जवानाला ५० टक्क्यांच्या दराने पेन्शन मंजूर केली. घरी गेला तेव्हा तरुण होता. हिशेब तुम्हीच करा.

हिशेबावरून खर्चाचा आक्षेप आठवतो. विकलांगता १०० टक्के असेल तर विकलांगता घटक शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. म्हणजे २० टक्के विकलांगतेला पगाराच्या ६ टक्के, आणि २० टक्केवाल्याला ५० च्या टप्प्यात धरण्याची १९९६ पासूनची सवलत मिळाली तर १५ टक्के. ही कोणाला श्रीमंत करणारी रक्कम नाही. या रकमेसाठी सरकार प्रत्येक पायरीवर वकील उभा करते आणि हरल्यावर थकबाकी व्याजासह भरते. ज्याला बचत करायची आहे त्याने आधी हा खर्च मोजावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. कॅगने २०२३ च्या अहवालात दाखवले की विकलांगता पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि त्यांत रक्तदाब-मधुमेहासारख्या जीवनशैलीच्या आजारांचा वाटा मोठा आहे. निवृत्तीच्या तोंडावर आजार काढून पेन्शन आणि करसवलत पदरात पाडून घेणारे आहेत, अशी कुजबुज फौजेतही आहे. २०२३ चे नियम कडक झाले ते याच्याच आधारे. आहेत, समजू. पण कॅगचे आकडे नीट वाचले तर बोट कोणाकडे जाते? ज्याला मेडिकल बोर्डाची भाषा कळते, फॉर्म कसा भरला जातो ते माहीत आहे, डॉक्टर ज्याच्या मेसमध्ये जेवतो, त्याच्याकडे. शिपायाकडे आणि हवालदाराकडे नाही. वरच्यांनी केलेल्या उधळपट्टीचा बंदोबस्त खालच्यांच्या हक्कावर कात्री चालवून केला, तर गैरवापर करणारे नवीन वाट काढतील आणि गैरवापर न करणारा तेवढा अडेल. बोर्डाने कारणे लिहिण्याची सक्ती केली तर ती दोन्ही बाजूंना लागू होते. खोटा दावा मान्य करणाऱ्या बोर्डालाही मग लिहावे लागेल की हा मधुमेह अमुक नेमणुकीतल्या अमुक ताणामुळे बळावला. आणि ते लिहिणे सोपे नाही. कारण लिहिण्याचा नियम उदार नाही आणि कंजूषही नाही. म्हणूनच मी त्याच्यावर भर देतो.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा: वैद्यकीय निर्णय न्यायाधीशांनी फिरवू नयेत. तत्त्व बरोबर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये मनाच्या आजाराच्या एका प्रकरणात बोर्डाचे मत उचलून धरत सांगितले होते की असा आजार सेवेत दिसला म्हणून तो आपोआप सेवेचा होत नाही. परंतु तज्ज्ञाच्या मताला मान त्याच्या कारणांमुळे मिळतो. कारणे नसलेले मत हे तज्ज्ञाचे मत नसून शिक्का आहे. शांतता क्षेत्र हे उत्तर तर मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेही माजी सुभेदाराच्या प्रकरणात अपुरे ठरवलेच आहे: शरीराला जडलेला आजार बदलीच्या ठिकाणी दिसला याचा अर्थ तो तिथेच जन्मला असा नाही. आणि पुराव्याचा भार सरकारवर, ही कल्पना काही आपल्या न्यायाधीशांनी हवेतून काढलेली नाही. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ मध्ये, युद्ध-पेन्शनमधला पुराव्याचा भार सैनिकाच्या डोक्यावरून काढून सरकारवर टाकला होता. अमेरिकेने २०२२ च्या पॅक्ट कायद्याने इराक-अफगाणिस्तानातल्या कचरा जाळण्याच्या उघड्या खड्ड्यांच्या धुरात राहिलेल्यांचे ठरावीक आजार थेट सेवेमुळेच झाले असे गृहीत धरले, म्हणजे प्रत्येकाला वेगळा धूर सिद्ध करावा लागू नये. आपल्याकडे सियाचेन आणि द्रासला वर्षानुवर्षे माणसे राहतात. अतिउंचीवर किती काळ राहिल्यानंतर कोणते आजार सेवेचे धरायचे, अशी यादी कायद्यात असायला काय हरकत आहे?

घाई एका नव्या कारणाने आहे. २०२२ ची अग्निपथ योजना. अग्निवीराला पेन्शनच नाही. सेवेमुळे विकलांगता आली तर एकरकमी मदत, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. आतापर्यंत चुकीने नाकारलेला माणूस न्यायाधिकरणात जाऊन दहा-पंधरा वर्षांनी का होईना, थकबाकीसह पेन्शन मिळवू शकत होता. चार वर्षांनी घरी आलेल्या, चोविशी-पंचविशीतल्या मुलाची सगळी भरपाई मात्र फॉर्ममधल्या त्या एका 'होय-नाही'वर टांगलेली असेल. तिथे 'नाही' आले, तर त्या टक्केवारीचा त्याला उपयोग शून्य. शिरूरच्या आणि दौंडच्या मैदानांवर पहाटे धावणारी मुले आता याच योजनेत जातात.

तुमच्याकडे मागणी अशी. पात्रतेचे मूळ तत्त्व मंत्रालयाच्या आदेशातून काढून संसदेच्या कायद्यात आणावे, खाजगी सदस्य विधेयक मांडून का होईना: भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेचा धरायचा, नाकारायचा तर बोर्डाने त्या माणसाच्या नेमणुका समोर ठेवून कारण लिहायचे, कारण नसलेला नकार आपोआप रद्द. बोर्डाची प्रत, सेवा आणि आजाराच्या नोंदींसह, सैनिक रुग्णालय सोडण्याआधी त्याच्या हातात, आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत. विधेयकाला वेळ लागेल, खाजगी विधेयके क्वचितच पार पडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तोवर तारांकित प्रश्न तरी विचारा. गेल्या पाच वर्षांत किती मेडिकल बोर्डांनी २० टक्के किंवा त्याहून अधिक विकलांगता मान्य करूनही निव्वळ टक्केवारी 'निल' लिहिली. त्यांतल्या किती फॉर्मांत कारणांची जागा कोरी होती किंवा फक्त शांतता क्षेत्राचा उल्लेख होता. किती जण न्यायाधिकरणात गेले, किती जिंकले, किती आदेशांविरुद्ध सरकार वर गेले आणि वकिलांवर किती खर्च झाला. नाकारलेल्यांपैकी किती जणांचे सेवा-कागद नष्ट झाले आहेत. सुप्रियाताई, खडकवासल्याची एनडीए तुमच्याच मतदारसंघात आहे. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सना माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही, त्यांचा आकडा त्याच प्रश्नात जोडता येईल. उत्तर लेखी मिळाले तर ते शिरूर आणि दौंडच्या तहसील कार्यालयांत आणि पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लावण्याची व्यवस्था करावी.

कळावे,
आपल्या दोन्ही मतदारसंघांकडे लक्ष ठेवून असलेला एक नागरिक